रेजिनाबायची पीयूसी

रेजिनाबाय फार रागीट बाई होती, असं भाईंदरच्या नवघरात कोणीही सांगेल. सांगताना हसतील, मान हलवतील. मला ते हसणं आवडत नाही. तिला ज्या गोष्टींचा राग आला, त्यातल्या एकीचाही राग या हसणाऱ्यांना आला नव्हता. हे लिहायला बसलोय तोही रागातच.

माझं नवघरात वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. वडील राजापूरकडून इकडे आले आणि त्यांनी ते टाकलं. दुकानासमोर रेजिनाबाय आपली शाळेची व्हॅन उभी करायची. ती मूळची उत्तनची, कोळ्यांच्या घरातली, लग्न होऊन नवघरात आलेली. नवरा रिक्षा चालवायचा. तो गेल्यावर ती चाळिशीत गाडी शिकली, बहिणीच्या मदतीने तिने एक जुनी व्हॅन घेतली आणि ती मुलांची ने-आण करायला लागली. जुनी व्हॅन थकली तेव्हा तिने नवी कोरी घेतली. पाद्रीबाबांकडून तिच्यावर पाणी शिंपडून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाली, "सुहास, मोठा कागद दे आनि जाडा पेन." त्यावर लिहून तिने व्हॅनच्या मागच्या काचेला आतून चिकटवलं : आत मुलं आहेत. हॉर्न वाजवणाऱ्याला खाली उतरून भेटेन.

आणि खरंच उतरायची. नवघर रोडवर सकाळच्या गर्दीत सुती साडीतली, पायात रबरी चप्पल घातलेली ही जाडजूड बाई व्हॅनमधून उतरून मागच्या कारच्या काचेवर बोटाने टकटक करताना मी किती वेळा पाहिलीय. "काय घाई हाय? बोल ना. मी ऐकते." काच खाली व्हायची नाही. आतला माणूस फोनमध्ये बघायला लागायचा.

मुलं मात्र तिला अजिबात घाबरायची नाहीत. लहानगी पुढे, मोठी मागे, दप्तरं पायाशी, खिडकीतून हात बाहेर नाही, एवढे तिचे कायदे. ठरल्यापेक्षा एक मूल जास्त ती कधी घ्यायची नाही. एकदा इंद्रलोक वसाहतीतल्या एका आईने खूप गळ घातली, "मावशी, मांडीवर बसेल हो, बारीक आहे." रेजिनाबाय म्हणाली, "बारीक हाय तर जेवायला घाल. माझ्या गाडीत मांडी न्हाय, सीट हाय."

तिला कोणी म्हटलं, बाय, एवढा राग बरा नाही, तब्येतीला त्रास होतो, तर तिचं उत्तर ठरलेलं असायचं. "देवानं राग दिलाय तो काय लोणचं घालायला?"

तिचं चुकायचंही. एकदा शाळा सुटायच्या वेळी पाण्याचा टँकर भरधाव गेला आणि रस्ता ओलांडणारी एक मुलगी थोडक्यात वाचली. दुसऱ्या दिवशी त्याच रंगाचा टँकर चौकात अडकलेला दिसला. रेजिनाबायने वर चढून ड्रायव्हरच्या हातून चावी ओढून घेतली आणि त्याला असं काही सुनावलं, की रिक्षावाले मीटर सोडून बघायला आले. ड्रायव्हर बिचारा उत्तर प्रदेशातला पोक्त माणूस. तो एवढंच म्हणत राहिला, "मैं कल छुट्टी पे था माताजी." आणि तो खरंच सुट्टीवर होता. हे कळल्यावर ती रात्रभर बेचैन असणार, कारण सकाळी डब्यात तळलेले फुगे घेऊन ती टँकरच्या थांब्यावर गेली. त्यांच्याकडे सणाला करतात ते फुगे, गरम गरम. डबा त्या माणसाच्या हातात देऊन म्हणाली, "खा. गलती मेरी थी. लेकिन धीरे चलाव." माफी मागतानाही तिचा आवाज असा होता, की त्याने घाबरून डबा दोन्ही हातांनी धरला.

हे सगळं मी हसत सांगू शकतो. पुढचं नाही.

नवी व्हॅन घेऊन वर्ष होत आलं होतं. त्या पावसाळ्यापासून तिची एक तक्रार सुरू झाली होती : गाडीत वास येतो. आम्हाला कोणाला यायचा नाही. तिला यायचा. स्वरा नावाची चौथीतली एक मुलगी मागच्या सीटवर बसायची. ती घरी गेली की डोकं दुखतं म्हणायची, दोनदा तिला उलटी झाली. तिच्या आईला वाटायचं डबा बाधतो. रेजिनाबायने स्वराला पुढे घेतलं, काचा उघड्या ठेवल्या आणि व्हॅन विलासकडे नेली.

विलास आमच्या भागातला नावाजलेला गॅरेजवाला. गळ्यात चेन, कपाळाला गंध, उत्सव कुठलाही असो, कमानीवर फोटो विलासचा. शाळेच्या सगळ्या व्हॅन त्याच्याकडेच जायच्या, कारण तो पावसाळ्याआधी त्यांची धुलाई आणि सर्व्हिसिंग फुकट करून द्यायचा. समाजसेवा म्हणून. गाडी रात्रभर ठेवायची, सकाळी चकचकीत घेऊन जायची. त्याने रेजिनाबायला सांगितलं, "ताई, नव्या गाड्यांना सेन्सर फार असतात. वास-बिस काही नसतो. गाडी सेट व्हायला वेळ घेते." स्टिअरिंगसमोर इंजिनाचा पिवळा दिवा लागत होता, तो त्याने बंद करून दिला.

मग पीयूसीची वेळ आली. नव्या गाडीला पहिलं वर्ष धुराची तपासणी लागत नाही, वर्षाने लागते. त्या सकाळी मी माझी जुनी स्कूटर घेऊन पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातल्या तपासणीच्या गाडीजवळ उभा होतो आणि माझ्यापुढे रेजिनाबायची व्हॅन होती. म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलंय.

तिथला माणूस कानात इअरफोन घालून बसला होता. त्याने बसल्या जागेवरून व्हॅनच्या नंबर प्लेटचा फोटो काढला आणि म्हणाला, "हो गया आंटी. ओटीपी बोलो."

"काय झालं?"

"पीयूसी हो गया."

"नळी कुठं घातली तू?"

"नयी गाडी है आंटी. नयी में पाइप डालने का जरूरत नहीं पडता."

"मग ती नळी तिथं टांगलीय ती काय तोरण हाय? डाल पाइप. मेरे को देखना है."

मागे रांग वाढली होती. एकाने हॉर्न वाजवला. तिने मागे वळून नुसतं पाहिलं. चावी काढून मुठीत धरली आणि व्हॅनच्या दारात पदर खोचून उभी राहिली. त्या माणसाचा नाइलाज झाला. उठला, नळी सायलेन्सरमध्ये खुपसली, गाडी चालू करायला सांगितली. स्क्रीनवर आकडे आले. त्याने भुवया वर केल्या, नळी काढली, पुसली, पुन्हा घातली.

"मशीन में प्रॉब्लेम है," तो म्हणाला.

"असं? मग या सुहासच्या स्कूटरला लाव."

माझी स्कूटर इतकी जुनी, की भंगारवालाही तिच्याकडे बघून मान फिरवतो. तिला नळी लावली. स्कूटर पास झाली. पुन्हा व्हॅनला लावली. वर्षाची कोरी व्हॅन नापास, आणि थोडीथोडकी नाही, पार नापास.

रेजिनाबायच्या चेहऱ्याकडे पाहून तो माणूस जरा नरमला. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणत म्हणाला, "टेन्शन मत लो आंटी. पाइप इस अंकल के स्कूटर में डालता हूं, फोटो आप की गाडी का लेता हूं. पास निकल जायेगा. सब ऐसेही करते हैं."

  रेजिनाबाय मराठीत, माझ्याकडे बघून, अगदी हळू म्हणाली, "म्हंजे पोरं माझ्या गाडीत बसनार, आनि धूर तुझ्या स्कूटरचा मोजनार?"

ती कागद न घेता निघून गेली. मागचा माणूस पुढे आला, फोटो निघाला, "ओटीपी बोलो." त्यानंतरच्या एकाही गाडीला नळी लागली नाही. मी तिथेच होतो.

तिने त्या दिवशी मुलांच्या घरी फोन करून आज दुसरी सोय करा म्हणून सांगितलं आणि व्हॅन थेट कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी गाडी वर उचलली आणि खाली बोलावून दाखवलं. सायलेन्सर मधून कापला होता आणि पुन्हा वेल्डिंग करून जोडला होता. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये धूर साफ करणारी एक जाळी असते, तिच्यात महागडे धातू असतात. लोक ती काढून विकतात. बाजारात तिला सायलेन्सरची माती म्हणतात. तिच्या सायलेन्सरमधली माती गेली होती. आत नुसता पोकळ डबा होता, आणि कच्च्या जोडातून निघणारा धूर मागच्या सीटखाली शिरत होता. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, हे आमचं काम नाही. बाहेर उघडलंय. वॉरंटीत बसणार नाही. नवा भाग मागवावा लागेल, वेळ लागेल."

गाडी तिने कंपनीशिवाय फक्त एकाच माणसाच्या ताब्यात रात्रभर दिली होती.

ती परत आली तेव्हा मी दुकानात होतो. जयेशची व्हॅन समोर उभी होती. जयेश तिच्यासारखाच शाळेची मुलं नेणारा, गाडीही त्याच वर्षाची, त्याच कंपनीची. रेजिनाबायने गाडीतून पाना काढला, साडी सावरत रस्त्यावर बसली आणि जयेशच्या सायलेन्सरवर ठोकला. टण्ण, असा रिकाम्या डब्यासारखा आवाज आला.  ती म्हणाली, "जयेश, तुझी पन गेली."

जयेश चिडला. कोणावर, तर तिच्यावर. "बाय, माझी पीयूसी पास आहे. कागद आहे माझ्याकडे."

"कागद पोरांच्या नाकात घालनार का?"

त्या रविवारी तिने सगळ्या व्हॅनवाल्यांना बोलावलं. प्रत्येक गाडीखाली वाकून ठोकून दाखवलं. विलासकडे रात्रभर राहिलेल्या बहुतेक गाड्या पोकळ निघाल्या. मला वाटलं, आता सगळे मिळून विलासच्या गॅरेजवर जातील. एकही गेला नाही. कोणी म्हणालं, आरटीओला कळलं तर सगळ्याच गाड्या बंद पडतील, मग खायचं काय. कोणी म्हणालं, विलासचे वरपर्यंत हात आहेत. जयेश म्हणाला, "गाडी चालतेय ना? मग?" मुलं रोज त्याच गाड्यांत बसणार होती. सोमवारी बसलीही.

ती एकटी गेली. एकटी म्हणजे मागे मी. गॅरेजमध्ये गिऱ्हाइकं होती. विलास खुर्चीतून उठला, "या ताई, शांत बसा, आधी चहा घ्या." मला वाटलं ती ग्लास भिरकावेल. तिने चहा घेतला, सावकाश, फुंकर घालत, शेवटच्या घोटापर्यंत संपवला. सगळे वाट बघत होते. ग्लास टेबलावर ठेवून म्हणाली, "प्याले, कारन हा चहा तुझा न्हाय. माझ्या सायलेन्सरचा हाय. आता सांग, माती कुठं विकलीस?"

विलास हसला. "ताई, पुरावा काय?" मग गिऱ्हाइकांकडे वळून, "एकट्या राहतात हो. होतं असं."

ते शेवटचं वाक्य आठवलं की अजून माझे कान तापतात.

पोलीस चौकीत तिला विचारलं, आधी सायलेन्सरमध्ये माती होती याचा काही पुरावा आहे का. ती म्हणाली, "साहेब, तुमच्या घरी चोरी झाली तर दागिने आधी पेटीत होते का न्हाय, ते कोन विचारतं?" तरी ती रोज जायची. मुलं शाळेत सोडली की चौकीच्या बाकावर जाऊन बसायची.

मुलं सोडली की, म्हणालो, कारण तिने मुलं सोडणं थांबवलं नव्हतं. फक्त व्हॅनमधून सोडत नव्हती. "ही गाडी पोरांसाठी न्हाय," असं तिने प्रत्येक घरी जाऊन सांगितलं, कारणही सांगितलं. अर्ध्या आईबापांनी मुलं लगेच दुसऱ्या व्हॅनमध्ये घातली. त्याच पोकळ व्हॅनमध्ये, कागद पास असलेल्या. हेही तिने त्यांना सांगितलं होतं. एक बाप म्हणाला, "मावशी, तुमचं भांडण तुमच्यापाशी. आम्हाला ऑफिस असतं."

उरलेल्या मुलांसाठी तिने उत्तनहून भावाच्या होडीवरचा एक दोर आणला. त्याला अंतराअंतरावर प्लास्टिकचे रंगीत बोये, जाळं तरंगत ठेवणारे गोळे, बांधलेले होते. एका मुलाने एक बोया धरायचा. पुढे रेजिनाबाय, मधे मुलं. मला म्हणाली, "सुहास, शेपटीला तू. दुकान काय पळून न्हाय जात." नवघरहून जेसल पार्कच्या बाजूला शाळेपर्यंत आम्ही रोज सकाळी असे चालत जायचो. फुटपाथवर टपऱ्या, गटारावर झाकणं नाहीत, रिक्षा अंगावर येतात. ती एक हात वर करून चौकात उभी राहायची आणि सगळा रस्ता थांबवायची. स्वरा माझ्या पुढच्या बोयाला असायची. महिनाभरात तिची डोकेदुखी थांबली. हे तिच्या आईने मला दुकानात येऊन सांगितलं, आणि सांगताना ती रडली, कारण सहा महिने ती मुलीला डब्यातली भाजी बदलून देत होती.

नवा सायलेन्सर बसला. रेजिनाबायने व्हॅन भाईंदर पश्चिमेला एका केंद्रावर नेली, तिथे नळी आत घालून घेतली आणि पास झाली. मग तिने पुन्हा मुलं गाडीत घेतली.

त्या सुमारास चौकीवरून फोन आला, विलासकडचा एक कामगार पकडलाय. वेल्डिंग करणारा, ओडिशाचा. तो आत गेला. विलासचं गॅरेज काही दिवस बंद होतं, मग नव्या बोर्डसकट उघडलं. पुढच्या गणपतीला माझ्याच दुकानात वर्गणीची पावती फाडायला विलास स्वतः आला होता. मी दिली नाही. माझ्याकडून तेवढंच झालं.

आणि शाळेने काय केलं? एप्रिलमध्ये पालकांना सूचना आली : पुढच्या वर्षापासून खासगी व्हॅन बंद, एका कंपनीच्या बस सुरू होणार. कारण लिहिलं होतं, मुलांची सुरक्षितता. खाली एक ओळ होती, काही वाहनचालकांनी मुलांना उन्हात रस्त्यावरून चालवल्याच्या तक्रारी आल्या आहेत. एकच वाहनचालक होती ती. पोकळ गाड्यांबद्दल त्यात एक शब्द नव्हता. सूचना मी वाचून दाखवली तेव्हा रेजिनाबायने ती माझ्या हातातून घेतली, घडी घातली आणि काउंटरवर ठेवली. मला वाटलं आता ओरडेल. ती म्हणाली, "स्वराला पुढची सीट द्यायला सांग त्यांना. मागं बसली की तिला मळमळतं." मग दुकानाच्या पायरीवर बसली. 

मे महिन्यात तिने नवघरची खोली भाड्याने दिली आणि उत्तनला बहिणीकडे राहायला गेली. व्हॅन घेऊन.

त्यानंतर एकदाच भेट झाली. उत्तनमधल्या एका शाळेला वह्या पोचवायच्या होत्या म्हणून मी सकाळीच गेलो होतो. काम आटोपून खाली धक्क्याकडे गेलो तर तिची व्हॅन उभी. सगळ्यात मागची सीट काढून टाकलेली, तिथे बर्फाच्या आणि मासळीच्या पाट्या. भाईंदरच्या बाजारात जाणाऱ्या कोळणींना ती आता नेत-आणत होती. मला पाहून ना आश्चर्य, ना काही. "आलास? हात लाव," म्हणाली. मी पाट्या उचलू लागलो. हातांना बर्फाचं पाणी आणि मासळीचा वास.

"बाय, बरी आहेस ना?"

"माझं काय विचारतो? पोरांच्या बसला नळी लावतात का कोनी?"

मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं.

"मग विचार ना. तोंड हाय ना तुला?"

बायका आत बसल्या, सगळ्या एकाच वेळी बोलत होत्या. रेजिनाबाय त्यांच्यावर ओरडली, त्या तिच्यावर ओरडल्या, दार लागलं आणि व्हॅन गावातल्या चढाच्या अरुंद वाटेला लागली. मी मागून चालत होतो. अर्ध्या चढावर समोरून एक मोठी काळी गाडी आली, सुट्टीला रिसॉर्टवर येतात तसली. दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती, दोघांना जायला वाव नाही. मागे जायला त्याला सोपं होतं, वर वळणापाशी मोकळी जागा होती. पण त्याने हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला.

रेजिनाबायने इंजिन बंद केलं. हँडब्रेक ओढल्याचा आवाज मला खालपर्यंत आला. मग तिने खिडकीत कोपर टेकलं आणि त्या गाडीकडे बघत बसली.  घरांच्या ओट्यांवरून दोन-तीन माणसं बाहेर आली. हॉर्न वाजत राहिला, मग तुटक झाला, मग थांबला.

 शेवटी काळी गाडी हळूहळू मागे सरकायला लागली.